थेट दुसऱ्या वर्षाला

डिप्लोमाच्या शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा या गावांतल्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांपुढे काही दिवस गर्दी असते. मुलांच्या हातात पारदर्शक प्लास्टिकची फाइल असते. तिच्यात दहावीचे गुणपत्रक, सहा सेमिस्टरची गुणपत्रके, टीसी, डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला असा सगळा ऐवज. ही मुले बारावीला बसलेली नसतात, त्यांनी सीईटीही दिलेली नसते. दहावीनंतर तीन वर्षे जवळच्या तंत्रनिकेतनात काढून ती आता अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मागत असतात. फॉर्मवर याचे नाव ‘डीएसई’ आणि बोलण्यात ‘डायरेक्ट सेकंड इयर’. अमेरिकेत गावच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे शिकून मग चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्याची जी प्रथा आहे, तिचे आपल्याकडचे सर्वांत जवळचे भावंड हेच. आधी घराजवळ, कमी खर्चात शिकायचे आणि नंतर ती वर्षे पदरात घेऊन मोठ्या ठिकाणी जायचे, ही रीत या जिल्ह्याला नवी नाही. तिचा माग काढत आपण मागे गेलो तर संगणकाच्या पडद्यावरून थेट निजामाच्या राज्यात पोचतो, आणि त्याही मागे मुंबईला.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. नमुना लंडन विद्यापीठाचा होता. विद्यापीठाने शिकवायचे नाही, परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. शिकवायचे काम संलग्न महाविद्यालयांचे. विद्यार्थी खरोखर महाविद्यालयात बसला होता की नाही हे विद्यापीठाला कसे कळावे? त्यासाठी ‘टर्म’ आली. ठरावीक टर्म भरल्याचा प्राचार्यांचा दाखला असेल तरच परीक्षेला बसता येई. ‘टर्म भरली नाही’, ‘टर्म गेली’ ही घराघरांतली रडकथा तेव्हापासूनची. आजच्या पोरांच्या तोंडी असलेल्या एटीकेटीतही शेवटची ‘टी’ त्याच टर्मची आहे. या व्यवस्थेत एकाच विद्यापीठातले महाविद्यालय बदलणे तुलनेने सोपे होते. विद्यापीठ बदलायचे झाले की मात्र प्रश्न उभा राही, की तिकडे मोजलेली वर्षे इकडे धरायची का? उत्तर बहुधा पूर्ण झालेल्या परीक्षेपुरतेच होकारार्थी असे, अर्धवट अभ्यासाला कुणी विचारत नसे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून, म्हणजे मद्रास विद्यापीठातून, १८८१ साली बी.ए. केले आणि मग पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात येऊन मुंबई विद्यापीठाची एल.सी.ई. ही अभियांत्रिकीची पदविका १८८३ साली मिळवली. दोन विद्यापीठांत पाय ठेवून शिकलेल्या या अभियंत्यानेच पुढे १९०८ च्या मुसी नदीच्या पुरानंतर हैदराबाद शहराच्या पूरनियंत्रणाची योजना आखली.

हैदराबाद म्हणजे त्या वेळी आपली राजधानी. धाराशिवचा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि शेजारची बार्शी व सोलापूर इंग्रजांच्या. या हद्दीचा अर्थ विद्यार्थ्याच्या दृष्टीने फार मोठा होता. एका बाजूला मुंबई विद्यापीठ. दुसऱ्या बाजूला १८८७ साली स्थापन झालेले निजाम कॉलेज, आणि तेही मद्रास विद्यापीठाला जोडलेले. म्हणजे राज्य निजामाचे, बोली मराठी आणि परीक्षा मद्रासची. १९१७ साली सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी उस्मानिया विद्यापीठाचे फर्मान काढले, १९१८ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि तिथे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवले गेले. देशी भाषेत वैद्यक, विज्ञान, कायदा शिकवण्याचा प्रयोग म्हणून तो इतिहासात मानाचा आहे; मराठी, तेलुगू, कानडी घरांतल्या मुलांना मात्र ती देशी भाषाही परकीच होती. ज्या राजाचे नाव विद्यापीठाला, त्याचेच नाव धाराशिवला मिळाले आणि गाव उस्मानाबाद झाले.

याच काळात जगात दुसरीकडे एक कल्पना आकार घेत होती. १८९२ साली सुरू झालेल्या शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी पदवीच्या चार वर्षांचे सरळ दोन तुकडे केले. पहिली दोन वर्षे सर्वसाधारण तयारीची आणि नंतरची दोन खऱ्या विद्यापीठीय अभ्यासाची. पहिला तुकडा विद्यापीठातच झाला पाहिजे असे थोडेच आहे, हा पुढचा विचार ओघानेच आला. १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात माध्यमिक शाळेला जोडूनच असे दोन वर्षांचे महाविद्यालय निघाले. अमेरिकेतले सर्वांत जुने सरकारी ज्युनिअर कॉलेज म्हणून ते आजही चालू आहे. भारतात सर मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालील कलकत्ता विद्यापीठ आयोगाने १९१९ च्या अहवालात जवळपास तोच विचार मांडला. शाळा आणि विद्यापीठ यांच्यामधली रेघ मॅट्रिकला न ओढता इंटरमीजिएटला ओढा, इंटरची दोन वर्षे विद्यापीठातून काढून वेगळ्या इंटरमीजिएट कॉलेजांत द्या आणि त्यापुढे तीन वर्षांची पदवी ठेवा. आयोगाचा विषय कलकत्ता असला तरी त्याचे वारे देशभर वाहिले. १९२३ साली औरंगाबादेत इंटरमीजिएट कॉलेज उघडले, ते याच वाऱ्यात. आजचे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच. उर्दूचे ‘बाबा’ म्हणून ओळखले जाणारे मौलवी अब्दुल हक त्याचे प्राचार्य होते.

मराठवाड्यातल्या मुलासाठी पदवीचा रस्ता आता दोन टप्प्यांचा झाला. इंटरपर्यंत औरंगाबाद, त्यापुढे हैदराबाद. आपल्या मागोव्यातला पहिला खरा पूर्वज हाच, कारण इथे अर्धी वाट जवळच्या संस्थेत चालण्याची आणि उरलेली विद्यापीठात पूर्ण करण्याची सोय राज्याने मुद्दाम करून ठेवलेली होती. अर्थात ‘जवळची’ हा शब्द उस्मानाबादकराने जपूनच वापरावा. औरंगाबाद इथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. सोलापूर कितीतरी जवळ, पण ते परराज्य आणि परविद्यापीठ. बार्शी लाइटची अरुंद रुळांची गाडी १९११ पासून लातूरहून तेर, येडशी, बार्शी करत कुर्डुवाडीला जात असे आणि तिथून मोठी गाडी पुण्या-सोलापूरला. ज्या घरांना परवडे ती या मार्गाने मुले इंग्रजी मुलखात पाठवीत. खुद्द उस्मानाबाद गाव या रुळांपासून दूरच राहिले होते. गावाला स्टेशन मिळाले ते ब्रॉडगेज झाल्यावर, एकविसाव्या शतकात.

ज्यांना हैदराबादचे उर्दू नको आणि पुण्याचा खर्चही झेपत नाही, त्यांच्यासाठी याच जिल्ह्यात एक तिसरा प्रयोग झाला, आणि तो विसरला जाऊ नये. लोहाऱ्याजवळच्या हिप्परगा गावी १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. व्यंकटेश खेडगीकर नावाचा, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकलेला तरुण १९२९ साली तिथे शिकवायला आला आणि मुख्याध्यापक झाला. संन्यास घेतल्यावर तो स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखला जाऊ लागला. अशा शाळांची अडचण उघड होती. शिक्षण उत्तम, पण सरकारी विद्यापीठाच्या दाराशी त्या शिक्षणाचे चलन चालत नसे. शाळेच्या दर्जापेक्षा तिची वर्षे कोण मोजून घेतो यावर मुलाचे पुढचे आयुष्य ठरायचे.

वर्षे मोजून घेण्याचा सर्वांत मोठा प्रसंग आला १९३८ साली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात आणि हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणत. ते बंद करा असा हुकूम निघाला, मुलांनी तो मानला नाही, संप झाला आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून काढली गेली. शिस्तभंगाखाली काढलेल्या विद्यार्थ्याला दुसरे विद्यापीठ कसे घेणार? टीसी कोण देणार आणि वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहिणार? नागपूर विद्यापीठाने घेतले. टी. जे. केदार तेव्हा तिथे कुलगुरू होते. हैदराबाद संस्थानातून आलेल्या या मुलांना नागपूरच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळाला आणि त्यांचे शिक्षण मोडता मोडता वाचले. चळवळीतल्या विद्यार्थ्यांपैकी पी. व्ही. नरसिंह राव यांनी पुढे कायद्याची पदवी नागपूरचीच घेतली. विद्यापीठ बदलण्याचे आपल्या भागातले सर्वांत मोठे सामुदायिक प्रकरण ते हेच. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात त्याचा उल्लेख सत्याग्रह म्हणून येतो आणि ते योग्यच आहे, पण शिक्षणाच्या इतिहासातही त्याला स्वतंत्र पान मिळायला हवे. एका विद्यापीठाने दुसऱ्याचा राग बाजूला ठेवून विद्यार्थ्याचे वर्ष वाचवले, असे पुढे फार वेळा घडलेले नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा प्रश्न स्वानुभवाने माहीत होता. कोलंबियाहून १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले, पण बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन तो पूर्ण करण्याची मुभा दिली. तिच्या बळावर ते १९२० साली पुन्हा गेले, १९२१ ला एम.एस्सी. आणि १९२३ ला डी.एस्सी. झाले. ही मुभा नसती तर? मराठवाड्यातल्या मुलांना पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागू नये म्हणून त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले; पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले. हैदराबाद मुक्त होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि महाविद्यालय जोडलेले होते ते उस्मानियालाच. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि मोठी गंमत झाली. राज्य मुंबईचे, महाविद्यालये मराठवाड्यातली आणि विद्यापीठ आंध्र प्रदेशातले. २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले, तेव्हा ही सगळी महाविद्यालये एका झटक्यात नव्या विद्यापीठात आली. बाकावर बसलेला विद्यार्थी जागचा न हलता विद्यापीठ बदलून मोकळा झाला.

त्यानंतरच्या काळात सीमारेषा सरकत राहिल्या आणि त्यांच्याबरोबर मायग्रेशन सर्टिफिकेटचे अर्जही. लातुरात १९६१ साली दयानंद महाविद्यालय निघाले तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. १६ ऑगस्ट १९८२ ला ते वेगळा जिल्हा झाले. १९९४ साली जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाचा डॉ. आंबेडकरांच्या नावाने नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. हिप्परग्याच्या त्या मुख्याध्यापकाचे नाव विद्यापीठाला मिळाले, आणि हिप्परगा मात्र त्या विद्यापीठाच्या हद्दीबाहेर राहिले, कारण लातूर नांदेडकडे गेले आणि उस्मानाबाद औरंगाबादकडेच राहिले. सोलापूर आधीच शिवाजी विद्यापीठात होते, २००४ पासून त्याचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. म्हणजे बी.एस्सी.चे एक वर्ष धाराशिवला करून दुसऱ्या वर्षाला लातूर किंवा सोलापूरला जाणारा विद्यार्थी तासा-दोन तासांच्या एसटी प्रवासात विद्यापीठ ओलांडतो. त्याला टीसी, मायग्रेशन, एलिजिबिलिटी आणि अभ्यासक्रम जुळतो का याची तपासणी, हे सारे करावे लागते. उलट अडीचशे किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, गेला तर यातले निम्मे कागद लागत नाहीत. तिथल्या विद्यापीठाचे उपकेंद्र २००४ साली उस्मानाबादला झाले, त्यामुळे पदव्युत्तर शिक्षणाची सोय जवळ आली, पण ही तिढ्याची भूमिती तशीच राहिली.

दरम्यान इंटरचे काय झाले? कोठारी आयोगाच्या १०+२+३ या आकृतिबंधाप्रमाणे महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि अकरावी-बारावीचे ज्युनिअर कॉलेज आले. हार्पर यांच्या कल्पनेचे ‘ज्युनिअर कॉलेज’ हे नाव आपल्या गावागावांतल्या पाट्यांवर चढले, पण तिच्यातला प्राण तेवढा निघून गेला. आपले ज्युनिअर कॉलेज विद्यापीठाच्या वर्षांत मोजलेच जात नाही. ते शाळेचेच वरचे टोक झाले.

ती कल्पना जिवंत राहिली ती दुसऱ्याच घरात, तंत्रशिक्षणात. तिथे तिची पाळेमुळे साहेबांच्या महाविद्यालयांत नसून ओव्हरसिअर आणि मिस्त्रींच्या जगात आहेत. पदविका घेऊन सार्वजनिक बांधकाम खात्यात लागलेल्या माणसाला वरचे पद हवे असे, पण नोकरी सोडून पदवीला जाणे शक्य नसे. १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या ‘ए.एम.आय.ई.’ परीक्षेने त्यांना वाट दिली. दिवसा साइटवर हजेरी, रात्री कंदिलाच्या किंवा बल्बच्या उजेडात अभ्यास आणि एकेक विषय सोडवत पदवीच्या तोडीची पात्रता. त्या पिढीचे अभियंते आता निवृत्त झालेत आणि त्यांची परीक्षाही विस्मरणात चालली आहे. पण पदविकेची वर्षे पदवीकडे नेता येतात हे प्रथम सिद्ध केले ते त्यांनी. १९५० पासून देशात आयटीआयची योजना आली, १९६३ साली महाराष्ट्रात पदविका परीक्षांसाठी तंत्रशिक्षण परीक्षा मंडळ झाले, आणि १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या लाटेत उस्मानाबादलाही तेरणा ट्रस्टचे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. जागा वाढल्या, तशी पदविकाधारकांना थेट दुसऱ्या वर्षात घेण्याची सोयही रुंदावत गेली. मंजूर क्षमतेच्या वर काही टक्के जागा त्यांच्यासाठी, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यालाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षात जाता येते. म्हणजे दहावीनंतर फिटरचा ट्रेड केलेला मुलगा, बारावीचा उंबरठा न ओलांडता, पायरी पायरीने बी.टेक. होऊ शकतो.

कोरडवाहू तालुक्यातल्या घराचा हिशेब इथे नेमका बसतो. बारावी सायन्स, लातूरचे क्लास आणि खोलीभाडे यांत पैसा ओतून सीईटीत कमी पर्सेंटाइल पडले तर हाती काहीच राहत नाही. डिप्लोमा झाला तर निदान चाकण-रांजणगावला नोकरी आहे. गुण चांगले पडले तर पुढे डिग्री. या वाटेवरचा काटाही सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचे नाव ‘एम-थ्री’. पदवीच्या पहिल्या वर्षातले गणिताचे दोन पेपर या मुलांनी पाहिलेले नसतात आणि दुसऱ्या वर्षात पाऊल टाकताच तिसरा पेपर समोर येतो. डिप्लोमाला पहिल्या नंबरात आलेली मुले लाप्लास ट्रान्सफॉर्मशी झगडताना दिसतात. प्रॅक्टिकलमध्ये मात्र तीच वर्गाला लेथ चालवून दाखवतात आणि बारावीहून आलेली मुले त्यांच्या वह्या मागतात. वर्षे धरली गेली, पण त्या वर्षांत जे शिकवलेच नव्हते त्याची भरपाई कुणी केली नाही.

आता आपण आजच्या वळणावर आलो. २९ जुलै २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिकलेली वर्षे पुढे नेण्याची हीच सोय साऱ्या विद्याशाखांना देऊ केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली श्रेयांक बँकेचे विनियम काढले. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक त्याच्या नावावर जमा राहतील, एका संस्थेतून दुसरीत नेता येतील आणि कमाल सात वर्षे टिकतील. मात्र पदवी देणाऱ्या संस्थेत किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतील. बाबासाहेबांना लंडनने दिली होती चार वर्षे, आता सर्वांना सात. महाराष्ट्रात पदवीच्या वर्षाला ४४ श्रेयांक धरले आहेत: एका वर्षानंतर प्रमाणपत्र, ८८ झाले की पदविका, १३२ ला पदवी आणि १७६ ला ऑनर्स. मध्येच बाहेर पडणाऱ्याला चार श्रेयांकांचा जादा कौशल्य अभ्यासक्रम करावा लागतो. कागदावर पाहिले तर कळंबच्या महाविद्यालयात दोन वर्षे शिकून तिसऱ्या वर्षाला पुण्याला जाण्याचा रस्ता यापूर्वी इतका मोकळा कधीच नव्हता.

तरीही मला डीएसईची वाट अधिक भरवशाची वाटते, आणि त्याचे कारण साधे आहे. तिथे जागा राखलेल्या आहेत, गुणवत्ता यादी जाहीर लागते, कॅप राउंडच्या तारखा ठरलेल्या असतात. श्रेयांक बँकेत शिल्लक दिसते, पण ती वटवायची कुठे हे प्रत्येक विद्यापीठ, विभाग आणि अभ्यास मंडळ आपापले ठरवते. नागपूरने १९३८ साली जे केले ते कुलगुरूंच्या धैर्यावर झाले. तेच रोजच्या व्यवहारात व्हायचे तर धैर्याची गरज पडता कामा नये, तक्ता हवा. म्हणून छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि सोलापूर या तीन शेजारी विद्यापीठांनी एवढे करावे: आपल्याकडचा कोणता पेपर दुसऱ्याच्या कोणत्या पेपराऐवजी धरला जाईल आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला बाहेरच्यांसाठी किती जागा आहेत, हे प्रवेश सुरू होण्याआधी छापून धाराशिव जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लावावे. आणि विद्यार्थ्यांनी तोवर आपल्या श्रेयांक खात्यात प्रत्येक सेमिस्टरचे गुण चढले आहेत की नाही, हे कॉलेज सोडण्यापूर्वीच पाहून घ्यावे. टीसी हातात पडल्यावर ऑफिसात कुणी दाद देत नाही.